फ्रीजरमधला सॅल्मन आणि माळकरी सासूबाई

पत्राचा गोषवारा: सोलापुरातल्या एका ताईंनी लिहिलंय. वय पन्नाशीच्या पुढे. यजमानांचं कापडाचं दुकान, दिवाळीनंतर त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून दोनदा मासे खा, तळलेले नकोत. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा महिन्यातून एकदा हुतात्मा एक्स्प्रेसने येताना थर्माकोलच्या पेटीत गोठवलेला सॅल्मन घेऊन येतो. ताईंचा हात मटणावर बसलेला. मासे म्हणजे उजनीचा मरळ नाहीतर चिलापी, रवा लावून तळायचे, एवढंच ठाऊक. सॅल्मन तसाच तळला तर मुलगा चिडला. नुसता उकडून दिला तर यजमानांनी ताट सरकवलं. त्यात घरात सासूबाई माळकरी. त्या बोलत काही नाहीत, पण मासे शिजले की त्या रात्री दूध पिऊन झोपतात. ताई विचारतात, "एवढा महागाचा मासा वाया चाललाय. पथ्याचा आणि चवीचा एकाच वेळी होईल का? एअर फ्रायर घेऊ का? यजमानांच्या दुपारच्या डब्यात दिला तर चालेल का? की हा नादच सोडून देऊ?"

ताई,

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट आधी लक्षात आली. डॉक्टरांनी "मासे" म्हटलं होतं. "सॅल्मन" म्हणाला तुमचा मुलगा. त्याच्या मायेबद्दल शंका नाही, पेटीत बर्फ भरून चार तास गाडीत सांभाळत आणणं सोपं नाही. पण त्या दोन शब्दांमधल्या फरकाचं ओझं तुमच्या स्वयंपाकघरावर पडलंय. सॅल्मन नाही जमला म्हणजे यजमानांचं पथ्य मोडलं, असं तुम्ही मनाशी धरून बसला आहात. तसं नाही.

सॅल्मनचं एवढं कौतुक कशासाठी, ते आधी बघू. हा थंड पाण्यातला तेलकट मासा. आपल्याकडे मिळतो तो बहुतेक नॉर्वेसारख्या देशांत समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवलेला. कच्च्या 100 ग्रॅममध्ये साधारण 20 ग्रॅम प्रथिनं आणि 13 ग्रॅमच्या आसपास चरबी. त्या चरबीत 2 ग्रॅमच्या जवळपास ओमेगा-3, म्हणजे हृदयासाठी ज्याचं नाव घेतलं जातं ते. आपल्या रोहू-कटल्यात ते बरंच कमी असतं. पण बंगडा आणि तारली यांच्यातही ते चांगल्यापैकी असतं, आणि त्यांची किंमत सॅल्मनच्या पासंगालाही पुरत नाही. सोलापूरला समुद्र नाही, बर्फातून येणारा बंगडा प्रत्येक वेळी ताजा असेलच असंही नाही, हे मान्य. डोळे चकचकीत, कल्ले लाल आणि अंगाला बोट लावलं की खड्डा न राहणारा मिळाला, तर निःशंक घ्या. तारली फार लवकर उतरते, तिच्याबाबतीत जास्त चोखंदळ राहा. आणि कोणी रावस "इंडियन सॅल्मन" म्हणून विकत असेल तर तो वेगळाच मासा आहे. चांगला आहे, पण सॅल्मनचा भाव देऊ नका.

म्हणजे महिन्यातून दोन-तीनदा सॅल्मन, मध्ये बंगडा, कधी उजनीचा मासा, असं चाललं तरी डॉक्टरांचा शब्द पाळला जातो. अमेरिकन हार्ट असोसिएशनही आठवड्यातून दोन वेळा मासे, त्यातही तेलकट मासे, असंच सांगते. आणि एका वेळचा वाटा म्हणजे शिजलेला सुमारे 85 ग्रॅम. तळहाताएवढा तुकडा. तुमचा मुलगा आणतो ते तुकडे मोठे असतील तर एकाचे दोन करा. पैसेही वाचतील.

आता तळण्याचं. मुलगा चिडला ते चूक, पण मुद्दा त्याचा बरोबर. 2003 साली अमेरिकेत वयस्कर माणसांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भाजलेले किंवा ओव्हनमध्ये शिजवलेले मासे खाणाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण कमी दिसलं. तळलेले मासे खाणाऱ्यांत तो फायदा दिसला नाही. कारण समजायला अवघड नाही. रवा तेल पितो, आणि एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. बरं, कढईत उरलेलं तेल आपण टाकत नाही, गाळून ठेवतो आणि उद्या त्यातच भजी काढतो. ते तर अजिबात नको.

पण तळण नको म्हणजे मसाला नको, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मला वाटतं सगळा घोळ इथे झालाय. "हेल्दी" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दवाखान्यातलं जेवण येतं, पांढरं, फिकं, बिनमिठाचं. यजमानांनी ताट सरकवलं यात नवल ते काय! जन्मभर काळ्या तिखटाचं कालवण खाल्लेल्या माणसापुढे उकडलेला मासा ठेवल्यावर दुसरं काय होणार? हळद, मिरची, आलं, लसूण, धणे, काळा मसाला यांच्याशी पथ्याचं वैर नाही, पोटाला सोसेल तितकं घाला. जपायचं ते तेल आणि मीठ. दिवसाचं एकूण मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, चटणी, दुकानातलं फरसाण सगळं आलं. माशावर चिमूटभर मीठ पुरतं. लिंबू नीट पिळलं तर कमी मीठ जाणवतही नाही.

सॅल्मनला तेल फार लागत नाही, कारण त्याचं स्वतःचं तेल भरपूर आहे. तो तव्यावर टाकला की दोन मिनिटांत अंगातून तेल सोडतो. एवढं ध्यानात ठेवलंत की निम्मी अडचण सुटली. मरळाला जे वरून द्यावं लागतं ते हा स्वतःच घेऊन आलेला असतो.

तव्यावरची पद्धत नीट सांगते, कारण तुमच्या घरात हीच सगळ्यात जास्त चालेल. आदल्या रात्री तुकडा फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवा. प्लॅस्टिकचं हवाबंद पाकीट असेल तर ते आधी कापून उघडा. बंद पाकिटात मासा वितळू देऊ नये, बिनहवेत वाढणारे घातक जंतू त्यात वाढू शकतात. ओट्यावर ठेवून वितळवायचा नाही, आपल्या उन्हाळ्यात तर नाहीच. सकाळी स्वच्छ फडक्याने किंवा कागदाने तुकडा चांगला कोरडा टिपा. बोट उलटसुलट फिरवून काटे लागतात का बघा, लागले तर चिमट्याने ओढून काढा. मग हळद, तिखट, आलं-लसणाचं वाटण, चिमूटभर मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. पंधरा-वीस मिनिटं, बस. लिंबात तासन्‌तास ठेवला तर कडेने पांढरा पडून घट्ट होतो आणि शिजल्यावर चोथा लागतो.

लोखंडी तवा मध्यम आचेवर तापू द्या. अर्धा चहाचा चमचा तेल बोळ्याने फिरवा. कातडीची बाजू खाली करून तुकडा ठेवा आणि उलथन्याने अर्धा मिनिट हलकेच दाबून धरा, नाहीतर कातडी आकसून वर वळते. मग हात लावू नका. आपल्याला सारखं उलटसुलट करायची सवय असते, ती इथे आवरा. तुकड्याच्या कडेकडे बघत राहा: खालून वर रंग बदलत जातो, गडद नारिंगी भाग फिकट गुलाबी होत वर चढतो. बोटभर जाडीच्या तुकड्याला पाच-सहा मिनिटं लागतात. रंग दोन तृतीयांश वर चढला की उलटा, दीड-दोन मिनिटं ठेवा आणि गॅस बंद. सुरीचं टोक मधोमध घालून बघा. पापुद्रे सहज सुटले आणि आत कच्चा, काचेसारखा भाग दिसला नाही की झालं. कडेने पांढरा, दह्यासारखा साका बाहेर यायला लागला तर समजा आच जास्त झाली. ते खराब नसतं, माशातलं प्रथिनच असतं, पण मासा आत कोरडा पडत चाललाय याची ती खूण. पुढच्या वेळी आच कमी करा. रेस्टॉरंटमध्ये मधे कच्चा ठेवतात म्हणून मुलगा सांगेल, त्याचं ऐकू नका. हृदयाच्या रुग्णासाठी घरी पूर्ण शिजवलेलाच बरा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असलाच तर मध्यभागी 63 अंश सेल्सिअस.

आणि आता सोलापूरचं. तुकडा उतरवायच्या अर्धा मिनिट आधी वरच्या बाजूला दोन चमचे शेंगाचटणी पसरा आणि झाकण ठेवा. आधी घातलीत तर करपेल. शेंगदाण्याला स्वतःचं तेल असतं, लसूण-तिखट असतंच, म्हणजे वेगळ्या फोडणीची गरजच नाही. फक्त चटणीत मीठ असतं, म्हणून माशाला लावताना मीठ जवळजवळ सोडून द्या. रव्याच्या कुरकुरीत आवरणाची सवय असलेल्या माणसाला दाताखाली काहीतरी लागलं पाहिजे, ते इथे मिळतं. सोबत ज्वारीची भाकरी, कांदा, मेथी किंवा चुक्याची भाजी. ताटात निम्मी भाजी असू द्या.

कालवण हवं असेल तर तेही होतं, आणि यजमानांचा रुसवा बहुधा कालवणानेच निघेल. कांदा-टोमॅटो एका चहाच्या चमच्याएवढ्या तेलात परता, आलं-लसूण, काळा मसाला, थोडी चिंच, पाणी घालून पातळ रस्सा उकळून घ्या. वर तर्री तरंगलीच पाहिजे हा हट्ट सोडा. सॅल्मन स्वतः थोडं तेल वर सोडतोच. रस्सा पुरता उकळला, चव जमली, की मग आच मंद करून तुकडे सोडा. पाच-सहा मिनिटं. चमचा घालून ढवळू नका, पातेलंच दोन्ही हातांनी धरून हलवा. मटणाच्या हाताने रटारटा उकळलंत तर तुकड्यांचा भुगा होईल. कडक भाकरी कुस्करून हे कालवण वर घातलं की "पथ्याचं" म्हणून सांगावं लागणार नाही.

तिसरी पद्धत वाफेची. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण, लिंबू, चमचाभर ओलं खोबरं, यांचं वाटण तुकड्याला माखायचं, केळीच्या पानात घट्ट बांधायचं आणि मोदकपात्रात किंवा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये वाफ धरल्यापासून दहा मिनिटं. पान नसेल तर झाकणाचा डबा चालतो. तेल शून्य. तुम्ही नुसता उकडला होता तेव्हा पाण्यात उकडला असणार, म्हणून चव पाण्यात उतरली. वाफेवर तसं होत नाही.

एअर फ्रायर? घरात आयता असता तर वापरा म्हटलं असतं. 180 अंशांवर आठ-दहा मिनिटांत छान होतो. पण एवढ्यासाठी नवा घेऊ नका. लोखंडी तवा तेच काम करतो.

वाफेच्या पद्धतीकडे मी तुम्हाला आणखी एका कारणासाठी ओढतेय. ते कारण म्हणजे सासूबाई.

तुम्ही लिहिता, त्या बोलत काही नाहीत. मग तुम्ही तरी बोललात का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. त्या दूध पिऊन झोपतात याचा अर्थ तुम्ही "राग" असा घेतलाय. असेलही. पण असंही असू शकतं की मासे शिजलेल्या ओट्यावरचं जेवण त्यांना घशाखाली उतरत नाही आणि मुलाचं पथ्य म्हणून त्या ब्र काढत नाहीत. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथे घरात एक माळकरी आणि एक खाणारा, हे काही जगावेगळं नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी याच्या वाटा काढल्यात. तुम्ही सासूबाईंजवळ बसून विचारा: आई, डॉक्टरांनी असं सांगितलंय, तुम्हाला कोणते वार चालतील, कसं केलं तर त्रास होणार नाही? ठरवण्याचा मान त्यांना द्या. त्या वार ठरवतील. एकादशी, सोमवार, गुरुवार वगळून दोन दिवस निघतात.

त्या दिवशी त्यांचं जेवण आधी करून, वाढून घ्या. माशासाठी वेगळा तवा, वेगळं पातेलं, वेगळं उलथनं, आणि जमलं तर मागच्या गॅलरीत एक छोटी शेगडी. वास मुख्यतः तीन ठिकाणांहून येतो: तळणाच्या तेलातून, पाकिटातल्या पाण्यातून आणि न घासलेल्या भांड्यातून. तळण गेलंच. पाकीट आणि त्यातलं पाणी पिशवीत घट्ट बांधून लगेच घराबाहेरच्या कचऱ्यात टाका, मोरीत ओतू नका. भांडी जेवणं व्हायची वाट न बघता लिंबाची साल फिरवून घासा. आंबटाने माशाचा वास खरोखर कमी होतो. सॅल्मनच्या कातडीलगत एक करडा-तपकिरी थर असतो, उग्र वास बराचसा त्याचाच. शिजल्यावर तो सुरीने खरवडून काढला तरी चालेल, ओमेगा थोडं जाईल, पण सुखाने खाल्लं जाईल. आणि केळीच्या पानात बांधून वाफवला तर घरभर फारसं काही पसरतच नाही.

श्रावणात तुमच्याकडे मासे बंद असतील तर बंद ठेवा. एका महिन्याने पथ्य कोसळत नाही. तेव्हा जवसाची चटणी रोजच्या जेवणात वाढवा. जवसातलं ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचं, शरीर त्यातलं थोडंच माशातल्या प्रकारात बदलू शकतं, त्यामुळे ते माशाची जागा पूर्ण घेत नाही. पण चांगलं आहेच, आणि सासूबाईंनाही चालतं. माशाच्या तेलाच्या गोळ्या मात्र कोणी सुचवल्या तरी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवायची औषधं चालू असतात, डॉक्टरांना विचारूनच काय ते. यजमानांना युरिक अॅसिडचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर माशांचं प्रमाणही डॉक्टरांनाच विचारा.

मुलाच्या पेटीबद्दल. गाडी रात्री पोचली की पेटी उघडून आधी बघा. तुकडे दगडासारखे घट्ट असतील किंवा निदान आत बर्फाचे कण असतील, तर फ्रीजरमध्ये ठेवा. मऊ पडलेत पण गारेगार आहेत, तर परत गोठवू नका, खालच्या कप्प्यात ठेवून दुसऱ्या दिवशी शिजवा. कोमट लागले तर फेकून द्या, कितीही जीव तुटला तरी. फ्रीजरमध्ये ठेवताना पाकिटावर तारीख लिहा. तेलकट मासा दोन-तीन महिन्यांच्या आत संपवावा, पुढे तेल खवट होत जातं. उन्हाळ्यात वीज गेली तर फ्रीजर सारखा उघडून बघू नका. गच्च भरलेला असेल तर बंद दाराआड दोन दिवस, अर्धा असेल तर एक दिवस माल टिकतो. आणि मुलाला सांगा, एका वेळी चारच तुकडे आण, आणि पुढच्या खेपेला तूच तव्यावर करून दाखव. रागवायचा हक्क तव्यापाशी उभं राहिल्यावर.

यजमानांच्या दुपारच्या डब्याचं विचारलंत. तिथे माझं स्पष्ट नाही. शिजलेला मासा बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मार्च ते मे दुकानात चाळीस अंश सहज असतात. डब्यात मटकीची उसळ-भाकरी द्या, मासा रात्रीच्या जेवणाला, तव्यावरून थेट ताटात.